सिस्टरचे नंबर

दुकानवाल्या बाईंनी दिलेल्या यादीत सतरा सूचना होत्या आणि वहिनीने अठरा पाळल्या होत्या. अठरावी तिची स्वतःची: दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

तीन दुपारी ती या रिकाम्या होत चाललेल्या घरात एकटी येऊन बसली होती. शेजारी गरम पाण्याची बादली, तेलाची वाटी, आणि खरवडायला नवऱ्याचं मुदत संपलेलं बँकेचं कार्ड. सूचना क्रमांक चार सांगत होती की विकायला ठेवायच्या वस्तूवर नाव, चिठ्ठी, चिकटपट्टी किंवा डिंकाचा डाग असता कामा नये. आता ज्या घराची मालकीण चौतीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती, त्या घरात चिकटपट्टी नसलेली वस्तू कुठून आणायची? वहिनीच्या सासूबाईंना मुलं सोडून सगळे सिस्टरच म्हणायचे, बाबासुद्धा. सिस्टरच्या खिशात पांढऱ्या पट्टीचं रीळ नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. फ्यूजवर पट्टी, डब्यांवर पट्टी, बादलीच्या कडीवर पट्टी. निवृत्त झाल्यावर तर त्या पट्ट्या वस्तूंच्या बुडाखालीही शिरल्या. प्रत्येकीवर निळ्या बॉलपेनाने एक आकडा आणि एक तारीख. आकडा वस्तू ठेवायच्या मांडणीचा असणार, असं वहिनीने धरलं होतं.

सिस्टर जाऊन आठ महिने झाले होते. घर महिनाअखेर सोडायचं होतं, बाबा थोरल्याकडे, म्हणजे वहिनीच्या घरी, राहायला जायचे होते. वहिनीने शेहेचाळीस वस्तू खरवडून लख्ख केल्या, आणि शेवटच्या दिवशी बोटांना तेलाचा वास घेऊन घरी गेली ती एखादी परीक्षा दिल्यासारखी.

आज सकाळी बाहेरच्या खोलीत तीन चादरी अंथरल्या होत्या. एक दुकानाची, एक दानाची, एक घरी न्यायची. दुकानाच्या चादरीवर चहाचे कप ओळीने पालथे घातले होते, पंख्याची पाती वेगळी काढून ठेवली होती, टेबललॅम्पची टोपी धुऊन वाळवली होती. दानाच्या चादरीवर ब्लँकेटं, छत्र्या, इस्त्रीचं टेबल आणि बाबा. बाबा म्हणजे ज्या खुर्चीत बसले होते ती खुर्ची दानात होती आणि ते उठायला तयार नव्हते.

"बाबा, त्या दुसऱ्या खुर्चीत बसा बघू."

"ती कुठे जाणार?"

"दुकानात."

"मग ही बरी. विकलं जाण्यापेक्षा दान झालेलं बरं." बाबांनी पाय लांब केले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. वर्गात कुणी ऐकायचं नाही म्हणून कुणाचंही न ऐकण्याची कला तिथेच शिकले होते.

थोरला स्टुलावर उभा राहून भिंतीवरची वायर सोडवत होता. तो वीज कंपनीत होता आणि सकाळपासून त्याने फक्त वायरी गुंडाळल्या होत्या. बाकीच्या घराशी आपला काही संबंध नाही असं त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"अहो, अजून किती वायरी आहेत?"

"असतात गं. घर म्हटलं की असतात."

तेवढ्यात दारात धाकटी, थोरल्याची बहीण, उभी राहिली.

ती या घरात नऊ वर्षांत एकदाच आली होती, तीही आई गेल्यावर दोन दिवसांनी, दहा मिनिटांपुरती. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स दुसऱ्या वर्षाला सोडून ती केस कापायला शिकली होती. सिस्टर तेव्हा एवढंच म्हणाली होती की माणसांच्या डोक्यावरून हात फिरवायला तीन वर्षं शिकायची काय गरज. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या त्या बाबांमार्फत. बाबा टपालखात्यासारखे दोन्हीकडे जायचे आणि वाटेत थोडं सौम्य करायचे.

"चपला काढू की तशीच येऊ?"

"काढ. फरशी पुसलीय."

"आई नाही तरी?"

"फरशी मी पुसलीय," वहिनी म्हणाली.

धाकटीने चपला काढल्या. दोघी हसल्या नाहीत, पण हसू येऊन गेल्यासारखी एक जागा मध्ये तयार झाली.

"ये गं," थोरला स्टुलावरूनच म्हणाला. "काय हवं ते उचल. घरच्या चादरीवरचं, दुकानाच्या, कुठलंही. बाई अकराला येतील, त्याच्या आत."

"मला काही नकोय रे. बाबांनी बोलावलं म्हणून आले."

"मी बोलावलं," बाबा म्हणाले, "कारण तुझं तुला घेऊन जायचंय." आणि त्यांनी खुर्चीतूनच वाकून दुकानाच्या चादरीवरची काचेची बरणी उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर ढकलून बुडाकडे पाहिलं. बरणी ठेवली. दुसरी उचलली. मग किटली. मग टेबललॅम्प.

"नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर?" वहिनीने विचारलं.

"खालचे. पट्टीवरचे."

"ते काढले मी. चार नंबरची सूचना आहे. हे बघा, 'डिंकाचा डाग असता कामा नये.' तेल लावून काढले, ओरखडासुद्धा नाही पडला."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी किटली मांडीवर घेतली, मांजर घ्यावं तशी.

"सगळे?"

"शेहेचाळीस."

"अगं पोरी," बाबा हळूच म्हणाले, "ते मांडणीचे नंबर नव्हते. ती आपली माणसं होती."

थोरला स्टुलावरून उतरला. त्याला हे आधी कळायला हवं होतं, आणि कळलं नव्हतं याची त्याला एकदम लाज वाटली. लहानपणी त्याच्या टॉवेलवर दोन होता. दात घासायच्या ब्रशवर दोन, शाळेच्या डब्यावर दोन, तापाच्या औषधाच्या बाटलीवर दोन. वॉर्डात पेशंटला नावाने कुणी ओळखत नाही, कॉटच्या नंबराने ओळखतात. सिस्टरने घरातही तेच चालवलं होतं. बाबा एक, थोरला दोन, धाकटी तीन. सिस्टरला स्वतःला नंबर नव्हता. वॉर्डात सिस्टरला कॉट नसते.

"म्हणजे कुठली वस्तू कुणाला द्यायची ते तिनं..." थोरल्याचं वाक्य अर्धं राहिलं.

"निवृत्त झाल्यापासून लिहीत होती. सहा वर्षं. तारीख टाकून. मला म्हणायची, मागाहून भांडणं नकोत."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" वहिनीचा आवाज चढला. सासऱ्यांसमोर तो चौदा वर्षांत पहिल्यांदा चढला होता. "तीन दुपारी मी इथे बसून हात सोलून घेतले, तेव्हा कुठे होतात?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे तुम्हा चौघांना! मला कोण सांगणार? माझ्या टॉवेलवर चार होता. मला चौदा वर्षं वाटत होतं की तो घरातला चौथा टॉवेल आहे!"

 मग थोरल्याने नको तिथे तोंड उघडलं. "म्हणजे तू चार आहेस हे तुला..."

"तुम्ही वायरी गुंडाळा."

धाकटी या सगळ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिने पालथ्या घातलेल्या कपांकडे पाहिलं. स्वच्छ, गुळगुळीत, कुणाचेही नसलेले कप.

"वहिनी," ती म्हणाली, "तीन होते?"

वहिनीने लगेच उत्तर दिलं नाही, आणि तिथेच ती फसली.

कारण वहिनीला आठवत होतं. तिला सगळं आठवायचं. घरातल्या प्रत्येकाच्या बुटाचं माप, प्रत्येक औषधाची वेळ, कुठल्या दुकानात कुठल्या महिन्यात काय स्वस्त होतं ते. पट्ट्या खरवडताना ती मनात आकडे म्हणत होती, नुसता चाळा म्हणून. एक, चार, दोन, चार, एक, दोन, दोन. एकदा तिला वाटलंही होतं की गंमत आहे, तीन नंबरची मांडणी कुठे राहिली? आतल्या खोलीत असेल म्हणून ती पुढच्या बरणीकडे वळली होती. शेहेचाळीस वस्तूंत एकही तीन नव्हता.

"आठवत नाही गं," वहिनी म्हणाली. "इतक्या पट्ट्या होत्या."

धाकटीने मान हलवली. ज्या बाईला नणंदेच्या चपलेचं माप पाठ असतं, तिला आकडे आठवत नाहीत, हे ऐकून घेण्याइतकी तीही मोठी झाली होती.

"अगं, नंबरांचं काय घेऊन बसलीस," थोरला पुढे आला. बहीण आता चपला घालेल आणि पुन्हा नऊ वर्षं दिसणार नाही, असं त्याला दिसत होतं. "आपण वाटून घेऊ. समान. मला तर काहीच नको. हा लॅम्प घे, चांगला आहे, वायर नवी टाकून देतो."

"दादा, मला वस्तू नकोच आहे रे. माझ्याकडे लॅम्प आहे. मला फक्त बघायचं होतं, तिनं मला धरलं होतं का घरात."

बाबा किटली घट्ट धरून बसले. नऊ वर्षं ते निरोप सौम्य करत आले होते. आज सौम्य करायला निरोपच उरला नव्हता.

अकराला पाच मिनिटं असताना दुकानवाल्या बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात चष्मा आणि कमरेला मोजपट्टी. जुन्या वस्तू लोकांच्या वतीने विकून द्यायचं त्यांचं दुकान होतं. वस्तू विकली गेली की पैसे, नाही गेली तर तीन महिन्यांनी वस्तू परत, तोवर जागा त्यांची. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग माणसांवरून.

"कुणी रडलंय का?"

"अजून नाही," बाबा म्हणाले.

"बरं झालं. रडले की माल कमी होतो. दर वेळचा अनुभव आहे."

त्यांनी कपांच्या कडांवरून बोट फिरवलं, लॅम्प हलवून ऐकला, बरण्यांची झाकणं हुंगली. "स्वच्छता कुणी केली? पहिल्यांदा बघते आहे मी असं. एक कण नाही डिंकाचा."

वहिनीने नाकावरची माशी हाकलल्यासारखा हात केला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी या वाक्यावर ती आठवडाभर तरली असती.

"आणि ते ड्रेसिंग टेबल? त्याच्यासाठीच खरं तर आलेय मी. आरसा चांगला असला तर थेट शोकेसमध्ये लावते."

ड्रेसिंग टेबल आतल्या खोलीत होतं. साधं, काळपट लाकडाचं, वर माणसाएवढा उंच आरसा, खाली दोन खण. सिस्टर कामावर जाताना याच्यासमोर उभी राहून टोपीच्या पिना लावायची, आणि मुलं दारात उभी राहून बघायची, कारण एरवी तिला इतकं स्थिर उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वहिनीने आरसा कागदाने घासला होता, खण रिकामे करून आतून पुसले होते.

पण जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा खण बघायचा रिवाज वेगळा असतो. बाईंनी वरचा खण पूर्ण बाहेर ओढला, कोपऱ्यातले सांधे बघितले, हुंगला, आणि वाळवी आहे का ते बघायला पालथा केला.

"अगं बाई! ही काय मलमपट्टी?"

खणाच्या खालच्या बाजूला, बरोबर मधोमध, पट्टीवर पट्टी चढून बोटभर जाड थर झाला होता. सगळ्यात वर निळ्या शाईत चार. खाली तारीख.

"राहिलीच ही," वहिनी पुटपुटली.

"काढून टाकते. पातं आहे माझ्याकडे."

"थांबा," धाकटी म्हणाली. ती दारातून आत आली, गुडघ्यावर बसली आणि खण स्वतःकडे ओढला. तारीख तिने दोनदा वाचली.

"हा सोमवार आहे," ती म्हणाली. "आई जायच्या आधीच्या आठवड्यातला."

बाबा दाराशी येऊन उभे राहिले होते. शेवटी खुर्ची सोडली होती त्यांनी.

"रविवारी येते म्हणून मी तुमच्याकडे निरोप दिला होता, बाबा."

"हो."

"आले नाही. रविवारी माझ्या सलूनच्या दुकानात मरणाची गर्दी असते. पण ते काही खरं कारण नव्हतं." तिने अंगठ्याने तो चार चाचपला. "घाबरले मी. तिनं रविवारी वाट पाहिली, आणि सोमवारी सकाळी हा चिकटवला."

"सकाळी नाही," बाबा म्हणाले. "संध्याकाळी. सोमवारी तुझं दुकान बंद असतं, म्हणून आणखी एक दिवस थांबली."

धाकटीने डोळे मिटले. दुकानवाल्या बाईंनी मोजपट्टी हळूच कमरेला लावली आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

वहिनी नणंदेच्या शेजारी खाली बसली. थराची कड तिला दिसत होती, तिथे पट्टीची टोकं एकाखाली एक होती, आणि प्रत्येक टोक आत दुमडलेलं होतं. "हे असं का केलंय? बाकीच्यांना पण असंच होतं. मला वाटलं चुकून."

"चुकून नाही. पहिल्या वर्षाला शिकवतात. पट्टी लावतानाच कोपरा दुमडून ठेवायचा. म्हणजे पुन्हा काढताना पेशंटला दुखत नाही." धाकटीच्या बोटांना ते अजून येत होतं. तिने दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि चार अलगद वर आला.

खाली तीन होता.

तिने तो लगेच काढला नाही. नुसती बघत राहिली. मग तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

"तारीख वाच," बाबा म्हणाले.  "मागच्या वर्षीची असेल. तू माझ्याकडे तिच्यासाठी ती मऊ कंगवी पाठवलीस. तिनं ती कधी वापरली नाही. पण दाखवली सगळ्यांना."

त्याखाली चार. त्याखाली पुन्हा तीन.

"हा कधीचा?" वहिनी पुढे वाकली. तिने तारीख वाचली आणि मागे सरली. "हा माझ्यामुळे! या आठवड्यात मी सिस्टरच्या पांढऱ्या चादरी निळ्या टॉवेलबरोबर धुतल्या होत्या. आठ चादरी. बोलल्या नव्हत्या त्या माझ्याशी तीन दिवस."

"मग आरसा माझ्याकडे आला वाटतं."

"म्हणजे मीही हरत होते? मला कुणी सांगितलंच नाही की मी खेळतेय!"

थोरला दाराच्या चौकटीला टेकून हसायला लागला, आणि हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. त्या सगळ्या थरात दोन कुठेच नव्हता. आईने त्याला जे द्यायचं ते दिलं होतं, एकदाच, न बदलता. आपल्यावर ती कधी इतकी चिडली नाही याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

आठ पट्ट्या निघाल्या. सगळ्यात खालची पिवळी पडली होती, लाकडात रुतली होती. तारीख सिस्टर निवृत्त झाली त्या आठवड्यातली. तेव्हा मायलेकी बोलत नसल्याला तीन वर्षं झाली होती. आकडा तीन.

धाकटीने पट्ट्या निघतील तशा आपल्या मनगटावर चिकटवत नेल्या होत्या. आता तिथे एक मोठी जखम बांधल्यासारखं दिसत होतं.

"वहिनी, बाहेरच्या वस्तूंत तीन नव्हता ना?"

"नव्हता," वहिनी म्हणाली. "एकही नव्हता. खोटं बोलले मी."

"कळलं होतं मला."

"सगळं भांडण या एकाच खणाखाली ठेवलं होतं त्यांनी."

"हो. आणि हरले मी. शेवटचा चार आहे." ती उठली, आरशासमोर उभी राहिली, आणि सवयीने मागे उभ्या असलेल्या वहिनीच्या केसांकडे तिची नजर गेली. "आरसा तुझा. काही म्हणणं नाही माझं. तिनं बरोबर केलं."

दुकानवाल्या बाई वळल्या. "मग मी नेऊ ना? शोकेसमध्ये फार शोभेल हो."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. या घरात सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं की ती काय ते सोडून द्यायची, असा चौदा वर्षांचा शिरस्ता होता. थोरल्याला वाटलं, ती आता म्हणेल, घे गं तूच. बाबांनाही तसंच वाटलं. धाकटीने तर नको म्हणायला तोंडसुद्धा उघडलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "आरसा मी ठेवणार."

"आपल्याकडे जागा कुठे आहे?" थोरला म्हणाला.

"तुमच्या वायरी ठेवता ते कपाट दानात टाका, होईल जागा." ती धाकटीकडे वळली. "मी कुणाला देणार नाही तो. तुलाही नाही. मला कधी कुणी काही लिहून दिलेलं नाही आयुष्यात."

"नको देऊस. म्हटलं ना."

"माझ्या खोलीत लावणार. तुला बघावासा वाटला तर घरी यायचं."

 थोरल्याच्या घरी धाकटी कधीच गेली नव्हती. आधी आई तिथे भेटेल म्हणून, आणि नंतर आई भेटणार नाही म्हणून.

"रविवारी मला..."

"सोमवारी ये."

"बघते. निरोप देते बाबांकडे."

"बाबांकडे नाही." वहिनीने खण उचलला आणि टेबलात सरकवला. तो थोडा अडकला, तिने गुडघ्याने आत ढकलला. "बाबा आता आमच्या घरात राहणार आहेत, आणि त्यांची टपालखात्यातली नोकरी संपली. सोमवारी नऊ वाजता. आणि ऐक. मी सिस्टर नाही. मी खिडकीत बसून वाट बघणार नाही आणि संध्याकाळी कशावर काही चिकटवणारही नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन करीन. नाही उचललास तर दहा मिनिटांनी पुन्हा करीन. मग तुझ्या दुकानात येईन आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडेन."

"सोमवारी दुकान बंद असतं."

"मग तुझ्या घरी येऊन ओरडेन."

दुकानवाल्या बाईंनी सुस्कारा सोडला, मालाच्या यादीतल्या पहिल्या ओळीवर काट मारली आणि बाहेरच्या खोलीत कप मोजायला गेल्या.

धाकटी अजून आरशासमोरच होती. तिने पर्समधून फोन काढला आणि वहिनीपुढे धरला.

"तुझ्याकडे माझा नंबर नाहीये," ती म्हणाली. "लिहून घे."